खापरपणजोबांची आई

अमेरिका हे तरुण राष्ट्र आहे, असे आपण नेहमी ऐकतो. जेथील बहुतेक शहरे आपल्याकडच्या एखाद्या जुन्या वाड्याहूनही अलीकडची, तेथील माणसाला वाडवडिलांचे कसले आले कौतुक, असाही आपला एक समज असतो. श्रोतेहो, हा समज खरा नाही. आपला आजा कोण, पणजा कोण, तो कोणत्या देशातून, कोणत्या जहाजाने आणि कोणत्या साली या भूमीवर उतरला, याचा शोध घेण्याची हौस ज्या देशात घरोघर आढळते असा देश अमेरिकाच होय. निवृत्त शिक्षक, रेल्वेतील कारकून, शेतकरी, गृहिणी, अशी साधी माणसे सुटीच्या दिवशी दप्तरखान्यात जाऊन बसतात, जुन्या नोंदवह्यांची पाने उलटतात आणि आपल्या कुळाची एकेक पायरी उतरत मागे जातात. जी मुळे उपटून आपण आलो ती कोठे रुजलेली होती, हे जाणून घेण्याची ओढ परमुलुखात आलेल्या माणसाला अधिक लागावी, हे स्वाभाविकच आहे.

या कामाचे एक मोठे केंद्र यूटा राज्यातील सॉल्ट लेक सिटी या शहरात आहे. तेथील मॉर्मन पंथाच्या धर्मश्रद्धेत पूर्वजांना विशेष स्थान असल्यामुळे त्या पंथाच्या अनुयायांनी १८९४ साली वंशशोधनासाठी एक संस्था स्थापन केली. १९३८ पासून ही संस्था जगभरच्या जुन्या नोंदींची सूक्ष्मचित्रे घेऊ लागली, आणि शहराजवळच्या एका डोंगराच्या पोटात ग्रॅनाइटचा खडक खोदून ती चित्रे जतन करण्यासाठी तळघरे करण्यात आली. आपल्या हरिद्वारच्या पंड्यांजवळच्या वह्याही या संस्थेने चित्रित केलेल्या आहेत. काशी, हरिद्वार किंवा त्र्यंबकेश्वर येथे गेल्यावर तीर्थोपाध्यायाने वही उलगडून आपल्या आजोबांचे हस्ताक्षर समोर ठेवले की क्षणभर जे वाटते, त्याचा अनुभव आपल्यापैकी पुष्कळांना असेल. अमेरिकेतील माणसाच्या या छंदाचे मर्म समजण्यास तेवढा अनुभव पुरेसा आहे.

परंतु आज मला सांगावयाची आहे ती हौसेची गोष्ट नव्हे. ज्या पूर्वजाचे नावच नोंदू नये असे राज्यकर्त्यांनी ठरविले होते, त्याचा शोध कसा लागला, याची ती हकीकत आहे. माझे आजवरचे आयुष्य सरकारी कचेरीत, तक्ते आणि रकाने यांच्या सहवासात गेले. एखाद्या तक्त्यात एक रकाना असतो किंवा नसतो, याचे परिणाम किती दूरवर पोहोचतात हे मला या हकीकतीत जसे दिसले तसे इतरत्र क्वचितच दिसले.

वंशशोधनाचा पहिला नियम असा की, ज्ञातापासून अज्ञाताकडे जावे. प्रथम स्वतःचे, मग आईबापांचे, मग आजाआजींचे जन्म, विवाह आणि मृत्यू यांचे दाखले मिळवावेत. एक पायरी पक्की झाल्यावाचून दुसरीवर पाय ठेवू नये. नावाच्या सारखेपणावर विसंबू नये, कारण एकाच गावात एकाच नावाची चार माणसे असतात. आणि नावाच्या वेगळेपणावरही विसंबू नये, कारण लिहिणारा कारकून कानाला येईल तसे लिहितो. या प्रवासात अमेरिकन माणसाचा मोठा सांगाती म्हणजे त्या देशाची शिरगणती. १७९० पासून दर दहा वर्षांनी ती नेमाने होत आली आहे. व्यक्तींची माहिती गुप्त राहावी म्हणून गणनेची मूळ पाने ७२ वर्षे बंद ठेवतात आणि मग सर्वांना खुली करतात. १९५० ची पाने २०२२ च्या एप्रिलमध्ये खुली झाली. १८४० पर्यंतच्या गणनांत केवळ कुटुंबप्रमुखाचे नाव लिहीत आणि बाकीच्यांची नुसती संख्या मांडीत. १८५० साली मात्र घरातील प्रत्येक स्वतंत्र व्यक्तीचे नाव, वय आणि जन्मस्थान लिहिण्यास प्रारंभ झाला. पाळण्यातील मुलाचेसुद्धा नाव लिहिले गेले. त्यामुळे एकोणिसाव्या शतकातील गोऱ्या पूर्वजाचा माग काढणे त्यामानाने सुकर झाले.

‘प्रत्येक स्वतंत्र व्यक्ती’ असे मी मुद्दाम म्हटले. त्या वर्षी संयुक्त संस्थानांत सुमारे ३२ लाख माणसे गुलाम होती. त्यांची मोजणी होत नव्हती असे नाही. ती होणे आवश्यकच होते, कारण १७८७ साली सिद्ध झालेल्या राज्यघटनेप्रमाणे, एखाद्या राज्याने प्रतिनिधिगृहात किती सभासद पाठवावेत हे ठरविताना गुलामांच्या संख्येचा तीन-पंचमांश भाग हिशेबात धरीत असत. म्हणजे गुलामांची संख्या मालकांच्या राजकीय बळात भर घालीत होती. गुलामाला स्वतःला मात्र मत नव्हते. ही संख्या लिहिण्यासाठी गुलामांचा स्वतंत्र तक्ता होता. त्यात प्रथम मालकाचे नाव, आणि त्याखाली एकेका गुलामाचे वय, लिंग आणि वर्ण. तो पळून गेला आहे काय, त्यास मुक्त केले आहे काय, तो आंधळा, बहिरा, मुका किंवा वेडा आहे काय, यासाठीही रकाने होते. एवढे रकाने असून त्यात नावाचा रकाना नव्हता.

तो नजरचुकीने राहिला असता तर त्याविषयी बोलण्याचे कारण नव्हते. १८५० च्या गणनेचा मूळ मसुदा सिनेटपुढे आला तेव्हा त्यात गुलामाचे नाव लिहावे अशी तरतूद होती. दक्षिणेकडील सभासदांनी तीस हरकत घेतली. नावाची काय आवश्यकता, क्रमांक पुरे आहे, असे ठरले आणि नावाचा रकाना काढून टाकण्यात आला. १८६० च्या गणनेतही तीच रीत राहिली. तोवर गुलामांची संख्या ३९ लाखांच्या वर गेली होती. सभागृहात एका दुरुस्तीने एक शब्द गाळला गेला, आणि लक्षावधी कुटुंबांच्या वंशवेली तेथेच तुटल्या. यादवी युद्धानंतर गुलामगिरी नष्ट झाली आणि १८७० च्या गणनेत या माणसांची नावे प्रथमच लिहिली गेली. म्हणून आजही कोणी कृष्णवर्णीय अमेरिकन आपल्या पूर्वजांच्या शोधास निघाला की १८७० या सालाशी येऊन थबकतो. त्यापलीकडे भिंत आहे, असे ते लोक म्हणतात.

या भिंतीपलीकडे जाण्याची वाट एकच, आणि ती मोठी चमत्कारिक आहे. गुलाम ही मालमत्ता होती. तेव्हा मालमत्तेचे कागद पाहावयाचे. मृत्युपत्रे, वाटणीपत्रे, गहाणखते, खरेदीखते, कर्जाच्या वसुलीची दप्तरे यांत जनावरे आणि अवजारे यांच्या यादीत कधीकधी माणसांची नावे सापडतात, कारण कोणती वस्तू कोणत्या वारसाकडे जावयाची हे स्पष्ट करण्यासाठी तेथे नावाचा उपयोग होता. शिरगणतीच्या कागदाने जे नाकारले ते मालकाच्या लोभाने जपून ठेवले, असे म्हणावे लागते.

असाच एक कागद १८५० साली दक्षिण कॅरोलायना राज्यातील स्पार्टनबर्ग येथे झाला. डेव्हिड पॅटर्सन नावाच्या वृद्ध जमीनदाराने आपले मृत्युपत्र लिहिले. सूत काढण्याचे चरखे, विळे, मेजावरील वस्त्रे, गुरेढोरे यांची त्याने वारसांत वाटणी केली, आणि त्याच ओघात सुमारे सहा वर्षांच्या एका काळ्या मुलीचा उल्लेख केला. तिचे नाव मेल्विनिया. आडनाव नाही, आईचे नाव नाही, बापाचे नाव नाही. १८५२ साली पॅटर्सन मरण पावला. मालमत्तेची किंमत ठरविण्यात आली तेव्हा मेल्विनियाची किंमत ४७५ डॉलर धरण्यात आली.

ती पॅटर्सनची मुलगी क्रिस्टियॅन आणि जावई हेन्री शील्ड्स यांच्या वाट्याला आली आणि जॉर्जिया राज्यात, आजच्या अटलांटा शहराजवळ, त्यांच्या शेतावर पाठविली गेली. सासरी गेलेल्या मुलीच्या मागे माहेरची भांडी जावीत, तशी ही आठ वर्षांची पोर गेली; आणि ज्या माणसांत ती वाढली होती ती मागे राहिली. पॅटर्सनकडे बरेच गुलाम होते, तेव्हा तेथे निदान आपल्या माणसांची सोबत होती. शील्ड्सचे शेत लहान, तेथे गुलाम हाताच्या बोटांवर मोजण्याइतके. अशा शेतावर मालकाची मुले आणि गुलाम एकाच शिवारात राबत. १८५९ च्या सुमारास, म्हणजे वयाच्या पंधराव्या वर्षाच्या आसपास, मेल्विनियाला मुलगा झाला. त्याचे नाव डॉल्फस. त्याचा बाप गोरा होता.

यादवी युद्ध १८६५ साली संपले. जॉर्जियाचा हा भाग युद्धाच्या वणव्यात होरपळून निघाला होता. १८७० साली गणनेचा कारकून गावात आला, आणि मेल्विनियाचे नाव सरकारी कागदावर स्वतंत्र व्यक्ती म्हणून प्रथमच उमटले. आडनाव शील्ड्स, व्यवसाय शेतमजुरी, पदरी चार मुले, त्यांपैकी तिघांच्या नावापुढे ‘मिश्रवर्णीय’ अशी नोंद. ती तेव्हा हेन्री शील्ड्सचा मुलगा चार्ल्स याच्या जमिनीलगत राहून काम करीत होती. मोकळी झालेली बाई जुन्या मालकाच्या बांधालगतच का राहिली, असे आपल्याला वाटेल. परंतु जिच्यापाशी जमीन नाही, पैसा नाही, जवळचे माणूस नाही आणि पदरात चार लेकरे आहेत, तिला कायद्याने दिलेले स्वातंत्र्य पायांत येण्यास काही वर्षे लागली, तर त्यात नवल वाटू नये.

ती निघाली, तथापि. पुढील गणनांत ती जॉर्जियातच, पण अलाबामाच्या सीमेकडील बार्टो कौंटीत आढळते. आणि शेजारी कोण, तर मरायाह आणि बोलस ईझली हे दांपत्य. ही माणसे मूळची पॅटर्सनच्या मळ्यावरची, म्हणजे मेल्विनियाच्या बालपणातील! आठव्या वर्षी ज्यांच्यापासून तिला तोडले होते त्यांना तिने पुन्हा शोधून काढले. पत्र नाही, पत्ता नाही, रेल्वेच्या भाड्याला पैसा नाही, अशा स्थितीत तिने हे कसे साधले हे कोणत्याही कागदात लिहिलेले नाही. आपल्या माणसांचा शोध प्रथम मेल्विनियानेच घेतला होता. तिच्या वंशजांचे कुतूहल जागे झाले ते पुष्कळ नंतर. पुढे डॉल्फसचे लग्न ईझलींच्या ॲलिस या मुलीशी झाले. जुनी ओळख सोयरिकीत परिणत झाली.

मेल्विनिया ही त्या काळात एकटी नव्हती. युद्धानंतर कित्येक वर्षे कृष्णवर्णीयांच्या वृत्तपत्रांत हरवलेल्या माणसांच्या जाहिराती येत असत. अमुक सालच्या लिलावात माझी आई अमुक व्यापाऱ्याने नेली. तिला कोणी पाहिले असल्यास कळवावे, अशा आशयाचा मजकूर त्यांत असे. रविवारी चर्चमध्ये धर्मोपदेशक त्या मोठ्याने वाचून दाखवीत, कारण ऐकणाऱ्यांपैकी अनेकांना वाचता येत नसे. अलीकडे फिलाडेल्फियाजवळच्या व्हिलानोव्हा विद्यापीठाने अशा सहस्रावधी जाहिराती गोळा केल्या आहेत, आणि आज वंशशोधकांना त्यांतूनच दुवे सापडत आहेत.

आता डॉल्फसकडे वळू. येथे शोध घेणाऱ्यासमोर एक निराळीच अडचण उभी राहते. १८९० च्या शिरगणतीची पाने वॉशिंग्टन येथील व्यापार खात्याच्या इमारतीत ठेवलेली होती. १९२१ च्या जानेवारीत तेथे आग लागली. काही पाने जळली, काही बंबाच्या पाण्याने भिजली. जी उरली तीही पुढे सरकारी संमतीने नष्ट करण्यात आली. सहा कोटींहून अधिक लोकांची ती गणना. त्यांतील सुमारे सहा हजार नावे मात्र शिल्लक राहिली. म्हणजे १८८० आणि १९०० यांच्या मध्ये वीस वर्षांचे खिंडार पडले, आणि नेमक्या याच अवधीत खेड्यांतील माणसे शहरांकडे लोटली होती. अशा वेळी शहरांच्या निर्देशिका उपयोगी पडतात. कोण कोठे राहतो आणि कोणता धंदा करतो याच्या त्या वार्षिक याद्या. १८८८ च्या सुमारास डॉल्फस अलाबामातील बर्मिंगहॅम या लोखंड-पोलादाच्या धंद्यावर भरभराटीस आलेल्या नव्या शहरात गेलेला दिसतो. तो सुतारकाम करी. त्याला लिहितावाचता येत होते. १९०० पर्यंत त्याने स्वतःचे घर केले आणि पुढे स्वतःचा सुतारकामाचा आणि हत्यारांना धार लावण्याचा कारखाना काढला. तेथील दोन बाप्टिस्ट चर्चच्या संस्थापकांत त्याची गणना होते. मृत्युपत्राच्या यादीत जिची किंमत मांडली गेली होती त्या मुलीचा मुलगा घराचा मालक झाला, हे अंतर एका पिढीत तुटले.

डॉल्फस १९५० च्या जून महिन्यात, वयाच्या ९१ व्या वर्षी मरण पावला. बर्मिंगहॅमच्या कृष्णवर्णीयांच्या वृत्तपत्राने त्याच्या निधनाची वार्ता पहिल्या पानावर दिली. त्याच पानावर मोठ्या अक्षरांत दुसरी वार्ता होती: देशाच्या सर्वोच्च न्यायालयाने उच्च शिक्षणातील आणि रेल्वेच्या भोजनडब्यांतील वर्णभेदाविरुद्ध निर्णय दिले होते. गुलाम म्हणून जन्मलेला माणूस त्या निर्णयांच्या आठवड्यापर्यंत जगला, यावरून ही गुलामगिरी आपण समजतो तितकी जुनी नाही हे ध्यानात यावे.

डॉल्फसचा मुलगा रॉबर्ट ली शील्ड्स. त्याचे लग्न १९०६ साली झाले, आणि वयाच्या बत्तिशीच्या सुमारास तो नोंदींतून नाहीसा होतो. रॉबर्टचा मुलगा पर्नेल. तो उत्तरेस शिकागो शहरात गेला आणि रंगाऱ्याचे काम करू लागला. पर्नेलची मुलगी मरियन. आणि मरियनची मुलगी मिशेल ओबामा. २००९ साली त्या राष्ट्राध्यक्षांच्या पत्नी म्हणून व्हाइट हाउसमध्ये राहावयास गेल्या. त्याच वर्षी मेगन स्मोलेन्याक या वंशशोधक बाईंनी जुळविलेली ही साखळी न्यूयॉर्क टाइम्सने प्रसिद्ध केली. आणि रेचल स्वॉर्न्स या वार्ताहर बाईंनी तिचा पाठपुरावा करून २०१२ साली त्यावर एक ग्रंथ लिहिला. मेल्विनिया म्हणजे मिशेल ओबामा यांच्या आजोळकडील खापरपणजोबांची आई.

या साखळीतील दोन कड्यांविषयी थोडे अधिक बोलले पाहिजे. पहिली कडी मेल्विनियाच्या मृत्यूची. ती १९३८ साली, नव्वदी ओलांडल्यावर वारली. तिच्या मृत्यूच्या दाखल्यात आईचे नाव आणि बापाचे नाव यांसाठी रकाने होते. तोवर सरकारी नमुन्यात हे रकाने सर्वांसाठी सारखे झाले होते. परंतु तेथे नातलगाने लिहिले ते एवढेच की, माहीत नाही. १८५० साली नाव ठाऊक होते तेव्हा रकाना नव्हता. १९३८ साली रकाना होता तेव्हा नाव सांगणारे कोणी उरले नव्हते. मला तर असे वाटते की, या दोन कागदांच्या मधल्या ८८ वर्षांत गुलामगिरीचा सगळा इतिहास सामावलेला आहे.

दुसरी कडी डॉल्फसच्या बापाची. ग्रंथाच्या निमित्ताने काळ्या आणि गोऱ्या, अशा दोन्ही शील्ड्स घराण्यांच्या वंशजांची अनुवंशिक द्रव्याची परीक्षा झाली. दोहोंत रक्ताचे नाते आहे असे निष्पन्न झाले. आणि वय, वास्तव्य इत्यादी गोष्टी पाहता डॉल्फसचा बाप बहुधा हेन्री शील्ड्सचा मुलगा चार्ल्स असावा, असा निष्कर्ष निघाला. परंतु परीक्षेने जे सांगितले ते एवढेच. त्या पंधरा वर्षांच्या मुलीवर बळजबरी झाली, की आणखी काही होते, हे कोणतीही प्रयोगशाळा सांगू शकत नाही. मात्र जिला कायद्याने ‘नाही’ म्हणण्याचा अधिकारच नव्हता, तिच्या बाबतीत संमती या शब्दाला काय अर्थ उरतो, याचा विचार आपण करू शकतो. वंशशोधन हे नेहमीच अभिमानाचे काम नसते. त्यात एखाद्याला आपला पूर्वज विकला गेलेला आढळतो, तर दुसऱ्याला आपला पूर्वज विकणारा आढळतो. आणि येथे तर दोघांना ते एकाच घरात आढळले. २०१२ सालीच जॉर्जियातील रेक्स या गावी मेल्विनियाचे स्मारक उभारण्यात आले. त्या प्रसंगी दोन्ही शाखांची माणसे प्रथमच एकत्र आली होती.

ही एका प्रसिद्ध घराण्याची कथा झाली. पण जे घराणे व्हाइट हाउसपर्यंत पोहोचले नाही त्याचे काय? त्यांच्यासाठीही काही कागद बोलतात. युद्धात एक लाख एकोणऐंशी हजारांच्या आसपास कृष्णवर्णीय सैनिक उत्तरेच्या सैन्यातून लढले. त्यांच्या विधवांना निवृत्तिवेतन हवे तर लग्न सिद्ध करावे लागे; परंतु गुलामांचे लग्न कायदा मानीतच नसे, त्यामुळे त्याचा दाखला असणार कोठून? मग सुईणी, शेजारी, बरोबरचे सैनिक, प्रसंगी जुने मालक यांच्या साक्षी घेतल्या जात. लग्न कोणी लावले, मुले कधी जन्मली, कोण कोठे विकले गेले, अशा घरगुती गोष्टी त्या साक्षींत नोंदल्या गेल्या आणि आज वॉशिंग्टनच्या राष्ट्रीय दप्तरखान्यात त्या वाचावयास मिळतात. १८६५ साली मुक्त झालेल्या लोकांसाठी एक बचत बँक निघाली. खातेदारांपैकी अनेकांना सही येत नसे. तेव्हा ओळख पटावी म्हणून बँकेचे कारकून आईबाप, भावंडे, मुले, जुना मालक यांची नावे विचारून लिहून ठेवीत. १८७४ साली ती बँक बुडाली, गोरगरिबांच्या ठेवी बुडाल्या. वह्या मात्र राहिल्या. त्या वह्यांतील सुमारे चार लाख ऐंशी हजार नावांची सूची यूटा राज्याच्या तुरुंगातील कैद्यांनी स्वेच्छेने, अकरा वर्षे खपून तयार केली आणि ती २००१ साली प्रसिद्ध झाली. स्वतः बंदिवान असलेल्या माणसांनी दास्यातून सुटलेल्या माणसांची नावे एकेक करून उतरवून काढावीत, ही गोष्ट मला फार हृद्य वाटते.

अमेरिकेतील या लढ्याची जाणीव महाराष्ट्राला फार पूर्वीच झाली होती. जोतीराव फुले यांनी १८७३ साली प्रसिद्ध केलेले ‘गुलामगिरी’ हे पुस्तक, गुलामांना दास्यमुक्त करणाऱ्या संयुक्त संस्थानांतील सज्जनांना अर्पण केले आहे. पुण्यात ते पुस्तक छापले जात होते तेव्हा मेल्विनिया जॉर्जियातील शेतात राबत होती. आणि दूरच्या देशाला नावे ठेवण्यापूर्वी हेही स्मरले पाहिजे की, आपल्या पेशवे दप्तरातही कुणबिणींच्या खरेदीविक्रीच्या नोंदी आहेत. त्यांचे वंशज आज कोठे असतील आणि ते स्वतःला काय म्हणवीत असतील, याचा शोध घेण्यास आपल्याकडे अजून फारसे कोणी बसलेले नाही.

श्रोतेहो, आपल्या घरातील वंशावळी काढून पाहा. पुष्कळ घरांत त्या आहेत, आणि आपण त्या आदराने जपतो. त्यांत आठ-दहा पिढ्यांच्या पुरुषांची नावे ओळीने मांडलेली आढळतील. परंतु त्या पुरुषांच्या आया कोठे आहेत? पणजोबांची आई कोण, तिचे माहेरचे नाव काय, ती कोणत्या गावची, तिला किती लेकरे झाली आणि त्यांतली किती जगली? बहुतेक वंशावळींत तिच्यासाठी रकानाच नसतो. लग्नात माहेरचे नाव गेले, आणि माहेरचे नाव सांगणारी माणसे गेल्यावर तिचा मागही पुसला गेला. आपल्या आजीवर कोणी किंमत मांडली नव्हती, हे खरे. पण नाव न लिहिल्याने माणूस कसे नाहीसे होते, हे समजण्यास तेवढेही पुरेसे आहे.

सरकारी नोकरीत माझ्या हाताखालून असंख्य नमुने गेले. नमुना आखणाऱ्याला वाटते, आपण केवळ आजच्या कामापुरती माहिती गोळा करीत आहोत; करासाठी, शिधापत्रिकेसाठी, मतदारयादीसाठी. १८७० साली जॉर्जियातील त्या गावात घोड्यावरून किंवा पायी आलेल्या गणना-कारकुनालाही असेच वाटले असेल. त्याने दाराशी उभे राहून नाव विचारले, ते कानाला आले तसे लिहिले, आणि तो पुढच्या घराकडे गेला. त्या एका ओळीवाचून पुढचे काहीच सापडले नसते. आज आपल्या गावोगावच्या कचेऱ्यांत जे तरुण कर्मचारी नावे लिहून घेत आहेत, त्यांनी समोरच्या म्हातारीचे नाव तिला पुन्हा विचारून नीट लिहावे, एवढीच माझी विनंती आहे. आणि आपल्यापैकी ज्यांच्या घरात वडीलधारी माणसे आहेत त्यांनी त्यांच्या आजीचे माहेरचे नाव आजच विचारून, तारीख घालून, कागदावर उतरवून ठेवावे. उद्या ते सांगणारे कोणी असेलच असे नाही.